बदली नाकारली तर ईएसआयचा बेरोजगारी भत्ता मिळतो का?

ताई, तुमची बदली गुजरातमधल्या साणंदला झालीय आणि तुमच्या एचआरने सांगितलं ना, तिथे जायचं नसेल तर राजीनामा टाका, ईएसआयकडून, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याकडून, तीन महिने भत्ता मिळेलच, ते अजिबात ऐकू नका. राजीनामा दिलात की भत्ता गेला.

ही अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ९० दिवस, रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मे पैसे, तेही आयुष्यात एकदाच. तुमचा पगार १८ हजार धरला तर दोन वर्षांचे ४ लाख ३२ हजार भागिले ७३०, म्हणजे दिवसाला ५९२ च्या आसपास, त्याचे निम्मे २९६, ९० दिवसांचे साधारण साडेसव्वीस हजार. दोन लेकरं आणि घरभाडं असताना ही रक्कम लहान नाही. पण स्वतःहून नोकरी सोडली किंवा शिस्तभंगाची कारवाई होऊन काढलं तर यातला रुपयाही मिळत नाही, आणि बदली नाकारणाऱ्याला नेमकं याच दोन खड्ड्यांत ढकलतात.

माझ्या जुन्या कंपनीत लाइनवरच्या एका मुलीला केबिनमध्ये बोलावून टाइप केलेला कागद पुढे ठेवला, "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे", खाली सहीपुरती जागा. बिचारीने सही केली. नंतर क्लेम टाकला तर कागदावर बदलीचं नावच नाही, मग कोण ऐकणार? तेव्हा मला हे माहीत असतं तर तिला दारातच अडवलं असतं.

आता नुसतं घरी पण बसू नका. गैरहजर दाखवतात, नोटिसा पाठवतात, चौकशी लावतात आणि शेवटी डिसमिस. शिवाय बिनपगारी दिवस वाढले की नोकरी जाण्याआधीच्या सहामाहीतले विम्याच्या कॉन्ट्रिब्युशनचे, म्हणजे वर्गणीचे, ७८ दिवस भरत नाहीत, तिथेही अडतं. तुमची सहा वर्षं झालीत म्हणून किमान दोन वर्षं विमा असण्याची अट पूर्ण झाली, ही ७८ ची मात्र बघा.

आधी अपॉइंटमेंट लेटर काढून बघा, बदलीचं कलम आहे का. असेल तर सरळ नकार देणं अवघड जाईल, तरी लेखी उत्तर द्या, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने, की मी कामाला तयार आहे, घरची अडचण अशी अशी आहे, बदलीचा फेरविचार करावा, आणि इथे जागाच उरली नसेल तर मला नियमाने कामावरून कमी करावं. अशी कपात केली तर नुकसानभरपाई मिळते, दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, आणि भत्त्याचा क्लेमही ३० दिवसांनी करता येतो. आधार आणि बँक पासबुक घेऊन ईएसआयच्या ब्रँच ऑफिसला जायचं, ही योजना मुदतवाढीवर चालते म्हणून आत्ता चालू आहे का तेही तिथेच विचारून घ्या.

बदली तुम्हाला मुद्दाम त्रास द्यायलाच केलीय असं वाटत असेल, म्हणजे तुम्ही लिहिलंय तसं ओव्हरटाइमची तक्रार केल्यावर आठवड्यात ऑर्डर आली, तर महाराष्ट्रात अशा प्रथांविरुद्धच्या १९७१ च्या कायद्यात ती अनुचित कामगार प्रथा धरतात, औद्योगिक न्यायालयात तक्रार करता येते, पण ९० दिवसांच्या आत. तुमच्या ऑर्डरवर तारीख कोणती आहे? आज ती बघाच.