विमा दावा: अधिकारक्षेत्र की अधिकारिता?

तासगावच्या एका वाचकाची विचारणा आहे: 'विमा दावा सांगली न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर असल्याने फेटाळला' हे वाक्य बरोबर आहे का? की 'अधिकारिता' म्हणायला हवं?

'अधिकारिता' म्हणा, म्हणजे प्रकरण चालवण्याचा कोर्टाचा अधिकार. पण त्याआधी 'दावा' या शब्दाकडे पाहायला हवं, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. कंपनीकडे भरपाई मागणं हाही दावा आणि कोर्टात लावतो तोही दावा. मग फेटाळला कुणी, कंपनीनं की कोर्टानं? कंपनीकडचा तो क्लेम किंवा 'विमादावा', दिवाणी कोर्टातला 'दावा', ग्राहक आयोगातली 'तक्रार' आणि मोटार अपघात न्यायाधिकरणापुढचा 'अर्ज', असं लिहिलं की गोंधळ उरत नाही.

'अधिकारक्षेत्र' म्हटलं की डोळ्यांपुढे जागा येते, तालुका-जिल्ह्याची हद्द. अधिकारितेत मात्र जागेबरोबर रक्कम आणि विषयही येतो. समजा, तासगावच्या व्यापाऱ्याच्या शीतगृहातला 80 लाखांचा बेदाणा आगीत गेला, विम्याचा हप्ता वर्षाला दीड लाख आणि कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34नुसार तक्रारदार जिथे राहतो वा स्वतः व्यवसाय करतो तिथेही तक्रार चालते, म्हणजे जागेचा प्रश्न सांगलीतच सुटतो. रकमेसाठी क्लेम न पाहता दिलेला मोबदला, म्हणजे हप्ता, पाहतात. जिल्हा आयोगाची मर्यादा 2021च्या नियमांनी 50 लाख आहे. 80 लाखांचा आकडा पाहून राज्य आयोगाकडे धावणारे इथेच चुकतात. म्हणून 'स्थानिक अधिकारिता' आणि 'आर्थिक अधिकारिता' असं वेगवेगळं लिहावं. दिवाणी दाव्यात स्थानिक अधिकारितेची हरकत पहिल्याच संधीला, वादाचे मुद्दे निश्चित होईपर्यंत घ्यावी लागते (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम 21). विषयाच्या अधिकारितेला हे बंधन नाही. नुसतं 'अधिकारक्षेत्र' लिहिलं की हा फरक पुसला जातो.

राहिलं 'फेटाळला'. अधिकारिता नसेल तर कोर्ट दावा योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत करतं. फेटाळणं हा गुणदोषावरचा निकाल वाटतो, आणि पक्षकार हाय खाऊन घरी बसतो. खरं तर चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे, नेटानं घालवलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 14नुसार मुदतीतून वगळता येतो.

तुमचं वाक्य असं करा: 'स्थानिक अधिकारिता नसल्याने सांगली न्यायालयाने विम्याच्या भरपाईचा दावा परत केला.'