ब्लॉकचेनवरील डोमेन : नाव, साठा आणि रस्ता

ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून राखलेल्या सामाईक नोंदवहीत, नोंदवलेल्या डोमेन-नावांविषयी (संकेतस्थळांच्या पत्त्यांविषयी) नागपूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एकच गल्लत आढळली. नाव कोणाच्या मालकीचे, मजकूर कोणाच्या यंत्रावर ठेवलेला आणि वाचक तिथवर कोणत्या वाटेने पोहोचणार, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ब्लॉकचेन त्यांपैकी फक्त पहिल्याचे उत्तर देते.

इतवारीत आमचे कापडाचे दुकान आहे. एका सल्लागाराने ‘एकदाच पैसे भरा, नूतनीकरणाची कटकट नाही’ असे सांगून ब्लॉकचेनवरचे नाव देऊ केले आहे. आमचे डॉट इन सोडून ते घ्यावे का?

डॉट इन मुळीच सोडू नका. आपला ग्राहक मोबाइलवर पत्ता टाकतो तेव्हा ब्राउझर डीएनएस या, नावावरून संकेतस्थळाचा संगणक शोधून देणाऱ्या, १९८३ पासूनच्या व्यवस्थेकडे विचारणा करतो आणि त्या व्यवस्थेच्या मूळ यादीत कोणते प्रत्यय (डॉट इनसारखे पत्त्याचे शेवटचे भाग) असावेत, याचा कारभार आयकॅन ही आंतरराष्ट्रीय संस्था पाहते. डॉट ईटीएच, डॉट क्रिप्टो हे ब्लॉकचेनवरील नावांचे प्रत्यय त्या यादीत नाहीत. ब्रेव्हसारखा एखादा ब्राउझर ते ओळखतो, पण क्रोममध्ये आपोआप उघडत नाहीत, आणि लुगडे घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाने त्यासाठी ब्राउझर बदलावा ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

‘कायमचे’ या शब्दाविषयीही सावध राहावे. अनस्टॉपेबल डोमेन्स या कंपनीने डॉट कॉइन ही नावे विकली होती. परंतु एमरकॉइन या दुसऱ्या ब्लॉकचेनवर तोच प्रत्यय आधीपासून वापरात होता. २०२२ मध्ये कंपनीने डॉट कॉइनची विक्री आणि त्याला दिलेला आधार दोन्ही थांबवले. नावे खरेदीदारांच्या वॉलेटमध्ये (नावाची गुप्त किल्ली सांभाळणाऱ्या ॲपमध्ये) राहिली, मात्र त्यांचा उपयोग बव्हंशी संपला. सर्वांना मान्य अशी एकच मूळ यादी नसली, की असे घडू शकते.

महाल भागातील आमच्या वाचनालयाने जुन्या हस्तलिखित अंकांची छायाचित्रे काढली आहेत. ती कायम टिकावीत म्हणून आयपीएफएस या, अनेक संगणकांनी मिळून फाइली पुरवण्याच्या जाळ्यावर ठेवून डॉट ईटीएच नाव घ्यावे, असे एका सभासदाने सुचवले आहे. हे योग्य होईल का?

हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून सविस्तर लिहितो. आयपीएफएसमध्ये फाइलचा पत्ता तिच्या जागेवरून न ठरता तिच्यातील मजकुरावरून ठरतो. मजकुरापासून गणिताने एक ठसा काढला जातो, त्याला सीआयडी म्हणतात. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. त्यामुळे पन्नास वर्षांनी कोणी ती फाइल कोठूनही मिळवली, तरी ती मूळचीच आहे की नाही हे पडताळता येते. जुन्या अंकांसाठी हा गुण फार मोठा आहे.

परंतु ठसा म्हणजे साठा नव्हे. किमान एका चालू संगणकाने ती फाइल मुद्दाम धरून ठेवली, म्हणजे ‘पिन’ केली, तरच ती मिळते. इतरांच्या संगणकांवर तात्पुरत्या आलेल्या प्रती कालांतराने पुसल्या जातात. मी स्वतः एका विनामूल्य पिनिंग सेवेवर विसंबून एक छोटा संग्रह ठेवला होता. ती सेवा बंद झाली, माझे नाव आणि ठसा जागच्या जागी राहिले, पण पाने उघडेनात. घरच्या डिस्कवर प्रत होती म्हणून संग्रह वाचला.

म्हणून वाचनालयाने पहिली प्रत स्वतःच्या संगणकावर पिन करावी, दुसरी सशुल्क सेवेकडे द्यावी आणि तिसरी गावाबाहेरच्या एखाद्या सहयोगी ग्रंथालयाकडे सोपवावी. आरवीव्ह या दुसऱ्या जाळ्यावर एकदाच शुल्क भरून दीर्घकाळ साठवणुकीची सोय आहे, पण तेथे टाकलेले मागे घेता येत नाही; लेखकांच्या वारसांची परवानगी नसलेले अंक तेथे ठेवू नयेत. पत्त्यासाठी डॉट ईटीएचची निकड नाही. आपल्या साध्या डोमेनच्या डीएनएस नोंदीत ‘डीएनएसलिंक’ ही ओळ घालून तिच्यात सीआयडी लिहिता येतो, आणि वाचकाला नेहमीचाच पत्ता राहतो.

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. डॉट ईटीएचवर स्वतःचे संकेतस्थळ करून पाहायचे आहे. खर्च आणि क्रम सांगाल का?

जरूर करून पाहा. डॉट ईटीएच नावे देणारी इथेरियम नेम सर्व्हिस ही व्यवस्था इथेरियम या ब्लॉकचेनवर मे २०१७ पासून चालू आहे. पाच किंवा अधिक अक्षरांच्या नावाला वर्षाला पाच डॉलर, चार अक्षरांना १६० आणि तीन अक्षरांना ६४० डॉलर असा दर आहे. तो इथर या इथेरियमच्या चलनात भरावा लागतो आणि व्यवहार नोंदवण्याचे शुल्क, म्हणजे गॅस, वेगळे. प्रथम स्थिर पानांचे संकेतस्थळ तयार करा, ते आयपीएफएसवर पिन करा, नाव घ्या आणि मिळालेला सीआयडी नावाच्या ‘कंटेंट हॅश’ नोंदीत लिहा. ही नोंद बदलताना दर वेळी गॅस पडतो. पाने वारंवार बदलणार असाल तर तेथे आयपीएनएसचा, म्हणजे मजकूर बदलला तरी तोच राहणारा, पत्ता द्यावा. मात्र त्याची नोंद ठरावीक काळाने पुन्हा प्रसारित करत राहावी लागते.

साध्या ब्राउझरच्या वाचकांसाठी नावापुढे डॉट लिमो जोडता येते. मग मधला गेटवे, म्हणजे दुवा साधणारा सर्व्हर, ब्लॉकचेनवरील नोंद वाचून पान आणून देतो. हा गेटवे मात्र साध्या डीएनएसवरच उभा आहे. २०२२ मध्ये ईटीएच डॉट लिंक या अशाच गेटवेच्या डोमेनची मुदत संपून वाद न्यायालयापर्यंत गेला होता. त्या काळात डॉट ईटीएचच्या धारकांची नावे सुरक्षित होती, पण सवयीची वाट धोक्यात आली होती.

काटोलकडील आमच्या संत्रा उत्पादकांच्या गटाचे डॉट ईटीएच नाव एका सदस्याने स्वतःच्या वॉलेटमध्ये घेतले. आता तो गट सोडतो आहे. पुढे काय?

तो जाण्यापूर्वीच नाव हस्तांतरित करून घ्या. डॉट इनसाठी तंट्याची ठरलेली प्रक्रिया आहे, येथे मात्र ज्याच्याकडे किल्ली तोच मालक. किल्ली हरवली किंवा माणूस बोलेनासा झाला, तर नाव परत मिळवून देणारे कार्यालय नाही. नाव एकाच्या वॉलेटऐवजी बहुस्वाक्षरी वॉलेटमध्ये ठेवावे, म्हणजे तिघांपैकी दोघांच्या संमतीशिवाय ते हलणार नाही. सीड फ्रेजचे, म्हणजे वॉलेट पुन्हा उघडून देणारे, शब्द कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवावेत, मोबाइलमध्ये त्यांचे छायाचित्र काढू नये. मुदत संपल्यावर नूतनीकरणासाठी ९० दिवस मिळतात, त्यामुळे अंतिम तारीख गटाच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवा. सदस्य मोबदला मागत असेल, तर पैसे देण्याआधी सनदी लेखापालांना विचारा : आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून रक्कम देताना एक टक्का उद्गम करकपातीची (टीडीएस) तरतूदही लागू आहे.