उष्ण कटिबंधातील समुद्रावर छोट्या ढगांची नक्षी कशी तयार होते?

कॅरिबियनमधील बार्बाडोस बेटाच्या पूर्वेकडील अटलांटिक महासागराच्या उपग्रह-चित्रांत छोट्या ढगांच्या कमानी, पुंजके आणि लांबलचक सांगाडे दिसतात. ही नक्षी वाराच घडवतो का, असे आपण विचारले आहे. वाऱ्याचा वाटा मोठा आहे, परंतु माझ्या मते बरेचसे काम ढग स्वतःच करतात.

या ढगांचा तळ साधारण 700 मीटरवर असतो आणि माथा बहुधा दोन-तीन किलोमीटरच्या आतच अडतो, कारण वरच्या उष्ण, कोरड्या हवेचा थर त्यांना पुढे चढू देत नाही. अभ्यासकांनी त्यांच्या रचनांना साखर (विखुरलेले छोटे ढग), खडी (कमानी), मासे (लांबलचक सांगाडे) आणि फुले (मोठे पुंजके) अशी काहीशी गमतीदार नावे दिली आहेत. वारा मंद आणि हवेचे स्थैर्य (वर चढणाऱ्या हवेला होणारा विरोध) कमी असताना विखुरलेली साखर अधिक आढळते. जोराचा वारा आणि अधिक स्थैर्य फुलांना मानवते.

खडीच्या कमानींचे श्रेय मात्र पावसाकडे जाते. ढगातून सर पडू लागली की काही थेंब वाटेतच विरतात, त्या बाष्पीभवनाने हवा थंड आणि जड होऊन खाली येते, समुद्रपृष्ठालगत चहूकडे पसरते आणि समोरची दमट हवा वर ढकलते. त्यामुळे पसरत्या कडेवर नव्या ढगांची कमान उभी राहते आणि मधला भाग बराचसा मोकळा होतो.

पाऊस नसतानाही पुंजके वाढू शकतात, आणि मला हीच बाब अधिक विलक्षण वाटते. जिथे बाष्प किंचित जास्त असते तिथे ढग अधिक बनतात, त्यांत सुटणाऱ्या उष्णतेमुळे हवेचा मंद ऊर्ध्वगामी प्रवाह निर्माण होतो, आणि तो भोवतालचे बाष्प आत ओढत राहिल्याने दमट भाग अधिक दमट, तर कोरडा भाग अधिक कोरडा होत जातो.

जानेवारी-फेब्रुवारी 2020 मधील ‘युरेक-फोर-ए’ या ढगांच्या अभ्यास-मोहिमेत ‘हालो’ या जर्मन संशोधन विमानाने सुमारे 200 किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात फिरत उपकरणे खाली सोडली आणि हे मंद प्रवाह मोजले. ढगांच्या तळाशी वरच्या कोरड्या हवेचे मिश्रण वाढले की ढग कोरडे पडून घटतील, असे काही हवामान-प्रारूपे (हवामानाची संगणकीय गणिते) मानत होती. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात उलट चित्र दिसले: मिश्रणाबरोबर ढगही वाढत होते. त्यामुळे तापत्या हवामानात हे ढग झपाट्याने विरळ होतील, हा अंदाज आता कमकुवत ठरला आहे.