कुलूप उघडण्याचे पैसे

पुणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. धायरीतल्या मुलांना बसून वाचायला एक जागा हवी, तिच्यासाठी महापालिकेने पैसे द्यावेत आणि त्यासाठी मतदारांना उभं करायचं, हे तू ठरवलंस. वर्गात शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारी तू आता हे करायला निघालीस, म्हणून मी पत्र दोनदा वाचलं. तू विचारतेस, "बाई, सह्यांपासून सुरुवात करू का?" नको. सह्या शेवटी. आधी तुझ्या मागणीचं वाक्य नीट कर. आमचं सगळं तिथेच चुकलं होतं.

आमच्या भागात आम्ही वाचनालयासाठी दोन वर्षं धावलो होतो. अर्जात लिहिलं होतं, "आमच्या प्रभागात वाचनालय बांधावे." बांधलं की! भूमिपूजन झालं, कोनशिला बसली, फीत कापली, पेढे वाटले. आठव्या दिवशी दाराला कुलूप लागलं. शाळेत जाता-येता मला ती इमारत दिसायची. काचेच्या कपाटांवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. विचारायला गेलो तर तिथल्या कारकुनाने आमचाच अर्ज काढून पुढे ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही बांधा म्हणालात, बांधलं. उघडा असं कुठे लिहिलंय?" तो चिडवत नव्हता, खरं तेच सांगत होता. ग्रंथपालाच्या पगाराची तरतूद नव्हती, वर्तमानपत्रांची नव्हती, वीजबिलाचीही नव्हती. त्या दिवशीची हळहळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही, कारण त्या दोन वर्षांत माझ्या वर्गातली कितीतरी मुलं अभ्यासाला जागा नाही म्हणून मागे पडली होती आणि जागा तयार असून बंद होती.

म्हणून हे नीट समजून घे. महापालिकेच्या अंदाजपत्रकाला दोन बाजू असतात, महसुली आणि भांडवली. भिंत, फरशी, कपाट हे भांडवली. माणूस, वीज, साफसफाई, मासिकं हे महसुली, आणि ते दर वर्षी पुन्हा लागतं. भांडवली कामाला फोटो असतो, म्हणून ते मिळवणं तुलनेने सोपं. कुलूप रोज उघडण्याचे पैसे मागणारं कुणी येत नाही. तू तेच माग. माझ्या मते नवी इमारत मागूच नकोस. गावातल्या शाळेचे दोन वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. "या शाळेचे दोन वर्ग रोज संध्याकाळी सहा ते रात्री दहा अभ्यासिका म्हणून उघडे राहावेत आणि त्यासाठी एक सांभाळणारा माणूस, दिवे-पंखे व चार वर्तमानपत्रं यांची वार्षिक तरतूद व्हावी," इतकं नेमकं वाक्य हवं. ते धायरी फाट्यावर बसची वाट बघणाऱ्या माणसाला एका दमात सांगता आलं पाहिजे आणि लेखा विभागातल्या माणसाला हा खर्च कोणत्या लेखाशीर्षात, म्हणजे हिशोबाच्या कोणत्या खात्यात, टाकायचा हे त्यावरून कळलं पाहिजे.

वाचनालयासाठी इतकं का भांडावं लागतं? पाणी, मैलापाणी, रस्त्यावरचे दिवे, प्राथमिक शाळा ही महापालिकेची बंधनकारक कामं आहेत. वाचनालय ऐच्छिक कामांत येतं, म्हणजे हात आखडला की आधी त्याच्यावर कात्री. शिवाय आपल्या राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात आणि कर्नाटकाने (तेव्हाच्या म्हैसूर राज्याने) १९६५ च्या कायद्यात मिळकतकरावर ग्रंथालयासाठी वेगळा उपकर ठेवला. आपल्या कायद्यात तो नाही. इथे संस्था ग्रंथालयं चालवतात आणि अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान घेतात. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे. त्याच वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. पेठांना हा दीडशे वर्षांहून जुना वारसा आयता मिळाला. धायरी महापालिकेत आली २०१७ मध्ये, तेव्हा घेतलेल्या अकरा गावांपैकी एक म्हणून. तुमच्या मुलांना अभ्यासिकेसाठी अजून बस पकडून सदाशिव पेठ, नारायण पेठ गाठावी लागते, तीही पैसे भरून.

आता मतदारांकडे येऊ. इथे तुझी एक मोठी फसगत होऊ शकते. अभ्यासिका सगळ्यात जास्त हवी आहे ती स्पर्धा परीक्षेच्या मुलांना, आणि ती मुलं तुझ्यामागे लगेच उभी राहतील. पोस्टर रंगवतील, रात्री जागतील. पण त्यातल्या किती जणांचं नाव धायरीच्या मतदार यादीत आहे? कुणाचं मत बीडला, कुणाचं लातूरला. नगरसेवकाची माणसं सह्यांचा कागद यादीशी ताडून बघतात आणि यादीबाहेरची सही त्यांच्या लेखी कोरी असते. म्हणून त्या मुलांना सांग, मनापासून सांग, की त्यांचं काम सह्या करण्याचं नाही, सह्या आणण्याचं आहे. ज्या खोलीत ती भाड्याने राहतात तिथल्या घरमालकाची, ज्या मेसमध्ये जेवतात तिथल्या काकूंची, झेरॉक्सवाल्याची. यांची मतं इथली आहेत आणि पोरांच्या असण्यावर यांचं घर चालतं. मुलं टिकली तर आपलं गिऱ्हाईक टिकतं, हे मेसच्या काकूंना कुणी समजावावं लागत नाही, फक्त विचारावं लागतं. जी मुलं इथे कायम राहणार आहेत त्यांच्याकडून सहा नंबरचा अर्ज भरून यादीत नाव घालून घे. आणि सहीच्या कागदावर यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक यांचे रकाने कर. अशा दोनशे सह्यांचं वजन नुसत्या दोन हजारांपेक्षा जास्त पडतं.

ज्येष्ठ नागरिक संघाकडे दुपारी जा, सकाळी फिरायला निघालेल्यांना अडवू नकोस. सोसायट्यांमध्ये चेअरमनच्या आधी सेक्रेटरीला भेट, कारण नोटीस बोर्डाची किल्ली त्याच्याकडे असते. वस्तीत जाशील तेव्हा घरकामाला जाणाऱ्या बायकांची वेळ सांभाळ, त्या दुपारी तीननंतरच जरा टेकतात. दहा बाय दहाच्या खोलीत दहावीचं पोर कुठे बसून अभ्यास करतं, ते त्या तुला दाखवतील. ते बघितल्याशिवाय कुणापुढे भाषण करू नकोस.

सगळ्यात अवघड प्रश्न तुला पहिल्याच दिवशी विचारला जाईल, तो असा: "इथे टँकरने पाणी घेतोय आम्ही, आणि तू पुस्तकांच्या गोष्टी करतेस?" यावर वाद घालू नकोस, गं. ते बरोबर बोलताहेत. समाविष्ट गावांत करावरून किती राग साठला आहे ते तू माझ्यापेक्षा जवळून बघतेस. टँकरने घेतलेल्या पाण्याच्या बिलाचा कागद त्या माणसाच्या खिशात असतो. आधी तो कागद बघ. पाण्यासाठी त्यांचा अर्ज असेल तर त्यावर सही कर, त्यांच्या मोर्चाला जा. मग शांतपणे सांग की जलवाहिनीचा पैसा आणि दोन वर्गांच्या विजेचा पैसा वेगळ्या खात्यातून येतो, आणि आपण हे नाही मागितलं म्हणून ते लवकर येत नाही. काही जण तरीही नाही म्हणतील. त्यांचं नाही तुझ्या वहीत लिहून ठेव, कारण सहा महिन्यांनी त्यांच्या दारात परत जायचं आहे. एक मात्र कधीही करू नकोस. अभ्यासिकेने गुन्हेगारी थांबेल, पोरं कलेक्टर होतील, असलं काही आश्वासन देऊ नकोस. बसायला जागा, डोक्यावर पंखा आणि शांतता मिळेल, एवढंच खरं आहे. ते पुरेसं आहे.

आता पैशांच्या वाटा. पहिली वाट नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकाची. पुण्यात ही पद्धत २००६ पासून आहे. नागरिकांनी आपल्या भागातलं काम सुचवायचं, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. एका कामाला ५ लाखांची मर्यादा घातलेली असे, यंदाचा आकडा आणि शेवटची तारीख कार्यालयात जाऊन विचार. बहुतेक लोक यातून बाकडी आणि पदपथ मागतात. तू वर्गांची डागडुजी, टेबलं, दिवे यांसाठी माग. हे झालं भांडवली.

रोजच्या खर्चासाठी दुसरी वाट धरावी लागेल आणि ती नगरसेवकांकडून जाते. तुझ्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. एका मतदाराची चार मतं, म्हणून तुला चार दारं आहेत, पण प्रत्येक दारात "ते काम त्यांच्याकडे आहे" असं म्हणायची सोयही आहे. चौघांना एकाच आठवड्यात भेट, एकच कागद दे आणि प्रत्येकाला सांग की उरलेल्या तिघांनाही दिला आहे. एका पक्षाच्या कार्यालयात बसून मोहीम चालवलीस तर बाकीचे ती पाडायला मोकळे होतात, हे लक्षात ठेव. कुणी म्हणेल, "माझ्या 'स' यादीतून करून देतो." नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ती यादी. घे, नाही म्हणू नकोस, पण विचार की पुढच्या वर्षी काय. आणि तरतूद झाली म्हणून गाफील राहू नकोस. वर्षाच्या मधे वर्गीकरणाचा प्रस्ताव येतो आणि एका कामाचा निधी दुसऱ्या कामाकडे वळतो. मंजूर झालेली कितीतरी कामं अशीच गेली आहेत, आवाज न करता. स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवर लक्ष ठेवायला तुमच्यातला एक चिकाटीचा मुलगा नेमून टाक, त्याला दुसरं काही काम देऊ नकोस.

मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. त्या काळात कुणाचं दार ठोठावायचं हेच लोकांना कळेनासं झालं होतं. आता दारं आहेत, त्यातली काही नवी आहेत, आणि निवडून आल्यानंतरची पहिली दोन वर्षं माणूस ऐकतो. त्याचा उपयोग कर.

वेळापत्रकाचं एवढंच सांगते. एरवी आयुक्त आपलं अंदाजपत्रक जानेवारीत स्थायी समितीपुढे ठेवतात, मग समिती त्यात भर घालून ते मुख्य सभेपुढे नेते, आणि ३१ मार्चच्या आत सगळं मंजूर व्हावं लागतं. फेब्रुवारीत जागं होऊन उपयोग नाही, खात्यांच्या मागण्या दिवाळीच्या आसपासच गोळा व्हायला लागतात. नागरिक सहभागाचे अर्ज त्याआधी, पावसाळ्यात. तेव्हा गणपती असतात आणि तुझे सगळे कार्यकर्ते मंडपात असतील. कुरकुर करू नकोस, तूही मंडपात जा. आरतीनंतर पाच मिनिटं माग. एरवी महिनाभर दारं वाजवून भेटणार नाहीत इतके मतदार त्या दहा दिवसांत एका जागी भेटतात, तेही प्रसन्न मनाने.

हे सगळं सुरू करण्याआधी माहिती अधिकाराचा एक अर्ज टाक. १० रुपयांचा स्टॅम्प, विषय एकच, आणि आपल्या राज्यात मजकूर १५० शब्दांत बसवावा लागतो. तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत महापालिकेच्या किती वाचनालयं-अभ्यासिका आहेत, त्यांवर मागच्या तीन वर्षांत वर्षाला किती खर्च झाला आणि त्यातल्या किती आज उघड्या आहेत, एवढंच विचार. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. त्या उत्तराचा कागद हातात असल्याशिवाय एकाही नगरसेवकाकडे जाऊ नकोस.

आणि हरलीस तर? पहिल्या वर्षी हरशील असं मी धरून चालले आहे. तेव्हा एक काम कर: नकार लेखी घे. अर्जावर आवक क्रमांक, प्रभाग समितीच्या इतिवृत्तात नोंद. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेने स्वागतावर हजार रुपये खर्चायचं ठरवलं. तेव्हा सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी ते पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असं सुचवलं आणि ठरावाविरुद्ध मत दिलं. बत्तीस नेमलेल्या सभासदांत ते एकटे. ठराव पास झाला. पण त्यांचं म्हणणं मागे उरलं, म्हणून आज मी ते तुला सांगू शकते. तुझा अर्जही फायलीत राहू दे. पुढच्या वर्षी तुझ्या जागी कुणी दुसरी आली तर तिला कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागू नये.

येत्या रविवारी दहाच्या सुमारास घरी ये. प्रभागाची मतदार यादी, शाळेच्या त्या दोन वर्गांचे फोटो आणि तुझ्या घरचं मिळकतकराचं बिल घेऊन ये. माहिती अधिकाराचा अर्ज आपण दोघी बसून लिहू. माझ्या वहीत अजून एकशे ऐंशी शब्द भरताहेत, तीस काढायचे आहेत.

तुझ्या
बाई