दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बीएमआय लावलाय

ताई, मुलगा नुकताच 10 पूर्ण, उंची 138 सेंमी, वजन 31 किलो, आणि ॲप म्हणतंय 'अंडरवेट'. घोळ ॲपचा आहे, पोराचा नाही. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग; 31 ला 1.38 च्या वर्गाने भागलं की 16.3 येतात. ॲपने त्याला 18.5 ची मर्यादा लावली, ती मोठ्या माणसांची. जागतिक आरोग्य संघटनेचा 2007 चा तक्ता 5 ते 19 वयासाठी आहे, मुलगे-मुली वेगळे. त्यात या वयाच्या मुलग्याची मधली रेषाच 16.4 आहे, कृशपणा धरतात तो 13.7 च्या खाली.

उलटा घोळही होतो. याच वयाउंचीचा मुलगा 36 किलोचा असेल तर बीएमआय 18.9, आणि ॲप त्याला 'नॉर्मल' ठरवेल. तक्त्यात मात्र 18.5 च्या वर जास्त वजन सुरू होतं, 21.4 च्या वर लठ्ठपणा. म्हणजे मोठ्यांची खालची मर्यादा ती या पोरांची वरची!

आता, उंची मोजलीत कशी? बूट घालून मोजली असेल तर परत मोजा. उंचीचा वर्ग होतो, त्यामुळे 3 सेंमी जास्त धरले तर 16.3 चे 15.6 होतात. टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर सपाट पुस्तक काटकोनात. शक्यतो दरवेळी सकाळीच, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सेंटीमीटरभर खचतो. वजन हलक्या कपड्यांत, त्याच काट्यावर.

एवढं करूनही एका मोजणीवर मी फार विसंबत नाही. माझी मुलगी अकराव्या वर्षी एकदम भरली. मी धसका घेऊन तिच्या ताटातलं कमी करायला निघाले होते (आज लाज वाटते). डॉक्टरांनी आधीच्या नोंदी मागितल्या, रेषा जोडून दाखवली आणि थांबायला सांगितलं. वर्षभरात ती ताडमाड झाली. वयात येताना असं बऱ्याचदा होतं. मुलींची उंची साधारण 12 च्या आसपास सर्वात वेगाने वाढते, मुलग्यांची त्यानंतर दोनेक वर्षांनी.

तोवर वर्षाला 5-6 सेंमी ही ठीक चाल. ती 4 च्या खाली गेली, वजन उतरू लागलं किंवा मुलगा तक्त्यातली आपली रेषा सोडून वरच्या-खालच्या रेषा ओलांडू लागला, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि जुन्या नोंदी सोबत न्या. नाहीतर पुढची मोजणी सहा महिन्यांनी.