वर्षभर बैठकी भरवायच्या तर

पहिल्या वर्षी गाण्याच्या बारा नको, सहाच बैठकी ठेवा. पण वार पक्का: दुसरा शनिवार म्हणजे दुसराच शनिवार. तारखेपेक्षा वार लोकांच्या ध्यानात राहतो.

थोर गायक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायले ते हे गाव, कोल्हापूर. इथले कान तयार आहेत, म्हणून आवाजाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. साठ-सत्तर श्रोत्यांच्या खोलीत गायकाला एक माइक, तबल्याला एक, एवढंच पुरे. स्पीकर माइकच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे. मागे ठेवलात की शिट्टी मारणारच.

पावसाळ्यात पंचगंगा चढते, तेव्हा नदीकाठची जागा टाळा. दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, स्वर उतरतो. वाद्यं तासभर आधी त्याच खोलीत, पंखे लावून ठेवा आणि मगच स्वरात लावा. गायकाची पट्टी, म्हणजे तो कुठल्या स्वराला 'सा' धरून गातो ते, तबलजींना आठवडाभर आधी कळवा. एका पट्टीचा तबला नुसता ठोकून दूरच्या पट्टीला जात नाही.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर पोलीस परवानगी काढा. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून साडेनऊलाच शेवटच्या भैरवीची खूण द्या. मानधन त्याच रात्री, पाकिटात. साथीदारांचंही.