पायथनमधला फाइल ब्राउझर डी ड्राइव्हवर का अडकतो?

तुमचा प्रश्न असा: मिनी प्रोजेक्टसाठी टीकिंटरमध्ये (पायथनसोबत येणारी, विंडो-बटणं बनवायची लायब्ररी) फाइल ब्राउझर केलाय, सुरुवातीलाच ओएस.वॉक (सगळे पोटफोल्डर फिरून वाचणारं फंक्शन) लावून ट्रीव्ह्यू (फोल्डरांची उघडमिट होणारी यादी) भरता, पण डी ड्राइव्ह दिला की विंडो ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ होते. मग टीकिंटर सोडून पायक्यूटी ही तशीच दुसरी लायब्ररी घ्यावी का?

नका घेऊ. तुम्ही अख्खा ड्राइव्ह आधी वाचून काढता आणि मगच विंडोला श्वास घेऊ देता. पायक्यूटीतही हेच होईल.

मी नारायण पेठेत एका डीटीपी ऑफिसात काम करतो. पुस्तकांच्या फाइली शोधायला आम्ही असाच पायथनमधला ब्राउझर रोज वापरतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोल्डर उघडला जाईल तेव्हाच वाचायचा. ट्रीव्ह्यूमध्ये प्रत्येक फोल्डरच्या पोटात एक रिकामी नोंद टाकून ठेवा, म्हणजे शेजारी उघडायची खूण दिसते. वापरणाऱ्याने ती दाबली की ‘ट्रीव्ह्यूओपन’ हा इव्हेंट (प्रोग्रामला मिळणारी सूचना) येतो. तेव्हा रिकामी नोंद काढा आणि तेवढ्याच एका फोल्डरवर ओएस.स्कॅनडिर हे त्यातल्या नोंदी देणारं फंक्शन चालवा. पायथन 3.5 पासून ते आहे. ओएस.लिस्टडिर या दुसऱ्या फंक्शनने फक्त नावं मिळतात आणि फोल्डर कोणता, फाइल कोणती हे दरवेळी डिस्कला वेगळं विचारावं लागतं. स्कॅनडिरला ते बहुतेक वेळा नावाबरोबरच कळतं.

डी ड्राइव्हच्या मुळाशीच ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचा फोल्डर असतो आणि तो वाचायची परवानगी साधारणपणे नसते. ओएस.वॉक अशी चूक गुपचूप गिळतं, स्कॅनडिर पर्मिशनएरर देतं. तेव्हा ट्राय-एक्सेप्ट (चूक पकडून पुढे जायची सोय) प्रत्येक फोल्डरपुरतं लावा.

एकाच फोल्डरात हजारो फाइली असतील तर वाचन वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामावर) न्या, पण त्या थ्रेडमधून विजेटला, म्हणजे विंडोतल्या यादी-बटणांना, हात लावू नका. सापडलेली नावं क्यूमध्ये (रांगेत) टाका आणि मुख्य विंडोतून ‘आफ्टर’ हे ठरावीक वेळाने काम करवणारं फंक्शन वापरून दर 100 मिलिसेकंदांनी ती उचला.

आता मराठी नावं. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये हे कुणी सांगत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द फाइलच्या नावात निरनिराळ्या प्रकारे साठवलेला असू शकतो. ‘ऱ’ हे एकच अक्षर असतं, किंवा साधा ‘र’ आणि त्याला नुक्ता (खालचा टिंब). कुणी ‘र’, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी खूण) टाइप करतं. पडद्यावर तिन्ही सहसा सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतं आणि बाकीची दोन सुटतात. पहिले दोन प्रकार पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझने, एनएफसी (जोडून एक करायचा प्रमाण प्रकार) देऊन, एक होतात. तिसरा होत नाही. तिथे ‘र’, हलन्त, झेडडब्ल्यूजे या क्रमाच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त स्वतः घालावं लागतं. हे सगळं फक्त तुलनेसाठी करा. डिस्कवरचं मूळ नाव आहे तसंच जपा, नाहीतर फाइल उघडणारच नाही.

फाइल उघडायला विंडोजवर ओएस.स्टार्टफाइल चालतं. कॉलेजच्या लॅबमध्ये उबंटू असेल तर सबप्रोसेसमधून (दुसरा प्रोग्राम चालवणारं मॉड्यूल) एक्सडीजी-ओपन ही कमांड बोलवा.

डिलीटचं बटण सगळ्यात शेवटी करा. ओएस.रिमूव्हने काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट उडते. पिपने (पायथनची पॅकेजं बसवायचं साधन) सेंडटूट्रॅश हे फाइल रिसायकल बिनमध्ये टाकणारं पॅकेज घ्या आणि चाचणी वेगळ्या फोल्डरवर करा, डी ड्राइव्हवर नको.